वेल्ह्याच्या वाटेवरचा खोटा गारवा

मे महिन्यात भर दुपारी वेल्ह्याकडं जाऊ नये, एवढं खात्रीनं सांगता यावं म्हणून मी मे महिन्यात भर दुपारी वेल्ह्याकडं जाऊन आले. तुम्ही गेला नसाल तर उत्तम. पावसाळ्यात जा, धबधब्याखाली उभे राहून फोटो काढा आणि रस्त्यावर कणसाची बुरकुंडं टाकून परत या, सगळे तसंच करतात. मला मात्र मे महिन्यातच जायचं होतं, कारण तिथं मामीच्या घरामागच्या जाळीत करवंदं मे महिन्यातच पिकतात आणि त्यांना माझ्या सोयीनं पिकायला सांगण्याची काही व्यवस्था नाही.

माझी गैरसोय अशी की मला ऊन सोसत नाही. म्हणजे कोथरूडच्या बायकांना सोसत नाही तसं नव्हे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. त्यात मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, आणि अंग जरा तापलं की मेंदूचे निरोप पायापर्यंत पोचेनासे होतात. माझा डावा पाय उष्म्यात संपावर जातो. टाच उचलली तरी चवडा खाली लोंबतो, चप्पल निसटते आणि मी जिथं असेन तिथं बसते. गार झालं की पाय काहीच घडलं नसल्यासारखा पुन्हा कामावर हजर होतो. पण या गमतीपायी गेले तीन उन्हाळे मी फ्लॅटमध्ये पडदे ओढून काढले. खालून करवंदवाली ओरडत जायची. टोपलीतली करवंदं आणून खाल्ली, नाही असं नाही. पण ती टोपलीत चेंगरून, चीक पुसून, गप्प झालेली असतात. करवंद जाळीवरूनच तोडून खायचं असतं, हातावर ओरखडे घेऊन.

आणि खरं सांगायचं तर पुढच्या मे महिन्यात हा पाय गारव्यात तरी चालेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. ते छताकडं बघतात आणि 'बघू या' म्हणतात. म्हणून यंदा मी हट्टाला पेटले.

माझा थोरला भाऊ, दादा, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाला. आयुष्यभर त्यानं लोकांच्या तराजूंवर संशय घेतला आणि निवृत्तीनंतर एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, आणि टपावर एसी. बॅटऱ्यांवर चालणारा. दारापाशी भिंतीत एक छोटी पाटी, तिच्यावर आतलं तापमान हिरव्या आकड्यांत दिसतं. त्या आकड्यांवर दादाची भक्ती आहे.

"मंजे, गाडीत चोवीस अंश. बाहेर काय वाट्टेल ते असू दे," तो म्हणाला. "मामीच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पण एक अट. एसीनं दगा दिला की गाडी मागं फिरणार. तिथं रडारड चालणार नाही."

मी कबूल केलं. कबूल करायला काय जातं?

पुणे ते कापूरहोळ

निघताना वहिनीनं गाडीची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. वहिनी मूळची भोरची. तिच्या माहेरी उन्हाळा लागला की खिडकीला वाळ्याच्या सुगंधी मुळांचा पडदा टांगायचे आणि त्यावर दिवसभर पाणी शिंपडत राहायचे. तसा मफलरएवढा एक वाळ्याचा पट्टा तिनं मुद्दाम बरोबर आणला होता. छताजवळ एसी हवा आत ओढतो तिथं एक जाळी आहे. जाळीच्या कोपऱ्यात एक खिळा होता. वहिनीनं पट्टा भिजवून त्या खिळ्याला अडकवला आणि त्याच्यावर पण कुंकू लावलं.

"हवा वाळ्यातून येईल. तुला जरा बरं वाटेल," ती म्हणाली.

वास खरंच सुंदर येत होता. ओल्या मातीला कुणी अत्तर लावल्यासारखा. मी बरं म्हटलं आणि पलंगावर तंगड्या पसरल्या. माझं आणि वहिनीचं नातं हे असंच आहे. ती माझी काळजी घेते आणि मी ती काळजी सहन करते. गेली अठ्ठावीस वर्षं.

कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूर मागं पडलं, आणि माझी चप्पल निसटली.

"दादा, गरम होतंय."

"बावीस आहे," दादा चालवता चालवता म्हणाला.

"माझी चप्पल पडली."

"मग उचल."

माझी चप्पल साधारण एकोणतीस अंशांना पडते. तीन उन्हाळे घरात बसून मी एवढं तरी शिकले आहे. मी तसं सांगितलं. दादानं आरशातून माझ्याकडं बघितलं, रॉकेलच्या मापाला खोटा तळ सापडल्यावर दुकानदाराकडं बघत असेल तसं.

"तुझ्या पायावर सरकारी शिक्का आहे का?"

"तुझ्या पाटीवर आहे का?"

त्यानं गिअर बदलला. वहिनीला माझं तोंड दिसलं. तिनं लगेच फवाऱ्याची बाटली घेऊन वाळ्यावर पाणी मारलं. पाटी एकवीस दाखवायला लागली. टपावरचा कॉम्प्रेसर केव्हाच मुका झाला होता, नुसता पंखा फिरत होता. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि समोर हिरव्या आकड्यांत महाबळेश्वरची हवा होती.

कापूरहोळ

कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. तिथं जगातली कुठलीही गाडी दुरुस्त होते, निदान उघडली तरी जाते. दादानं रसवंतीशेजारच्या बशीरमिस्त्रींच्या गॅरेजपुढं गाडी लावली. मिस्त्री मधमाशांचं पोळं काढायला आल्यासारखे गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"ह्यात संडास बी हाये?"

"आहे," दादा अभिमानानं म्हणाला.

"मंग बिघाड तिकडंच असंल. पाण्याचं काम आलं की बिघाड आलाच."

मला दोघांनी धरून रसवंतीच्या सावलीत बसवलं. पुण्यात असं लुळं पडलं की लोक फार सभ्यपणे दुसरीकडं बघतात. इथं रसवाली बाई चरक थांबवून सरळ समोर येऊन उभी राहिली.

"पायाला काय झालं, ताई?"

"ऊन लागलं की चालत नाही."

"अवं, आमचा बैल हुता तसा," ती म्हणाली आणि भरपूर बर्फ घातलेला रस माझ्या हातात दिला. मला राग यायला हवा होता. पण गेल्या तीन वर्षांत माझ्या आजाराचं इतकं सोपं वर्णन कुणी केलं नव्हतं.

मिस्त्रींनी काम सुरू करायच्या आधी कारणं सांगून घेतली. भाग चिनी आहे. हायवेच्या गतिरोधकांनी सोल्डर सुटतो. गाडी रंगवताना पांढरी रंगवायला हवी होती. मग ते गाडीत चढले, आणि मी सावलीतून उघड्या दारातून बघत राहिले. जाळी उघडायची तर वाळा काढायला हवा. वहिनीनं त्यांना हात लावू दिला नाही. स्वतः उतरवला, बादलीतल्या पाण्यात ठेवला आणि बादली सावलीला सरकवली.

जाळीमागून मिस्त्रींनी वायरीच्या टोकाला असलेला वाटाण्याएवढा काळा मणी बाहेर काढला. "ह्यो बगा सेन्सर. ह्यो म्हनंल ती पूर्व दिशा. ह्याला गार लागलं की कॉम्प्रेसर बंद. ह्याला गरम लागलं की चालू. तुमाला काय लागतंय ह्याच्याशी त्याला घेनंदेनं न्हाई."

"आमच्या दादासारखाच आहे," मी बाहेरून म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्या हातातला रसाचा पेला मागून घेतला, त्यातल्या बर्फात मणी बुडवला. पाटीवरचा आकडा सरसर उतरत एकवर आला. मग त्यांनी मणी पुसून स्वतःच्या काखेत धरला. आकडा चढत पस्तिसावर गेला.

"मनी गुनाचा हाये. काय खोट न्हाई."

"मी म्हणत नव्हतो?" दादाला एवढा आनंद झाला की त्यानं सगळ्यांना रस सांगितला. मण्यानं आंघोळ केलेला माझा पेला मी हळूच बाजूला सारला.

"मग गाडीत खोटं का बोलतो?" मी विचारलं.

मिस्त्रींना हा प्रश्न आवडला नाही. त्यांनी मणी जागेवर बसवला, जाळीत फुंकर मारली, दोन वायरी उगाच दाबून बघितल्या आणि खटका ओढला. टपावर कॉम्प्रेसर घुमायला लागला. पाटी तेहतीस दाखवत होती, आणि बघता बघता तीस, अठ्ठावीस, सव्वीस. मी आत जाऊन पडले. थोड्या वेळानं पायाचा अंगठा हलला.

"कनेक्शन ढिलं हुतं," मिस्त्री जाहीर करून मोकळे झाले. "आता रायगडापत्तुर जावा."

वेल्ह्याचा फाटा मागंच राहिला होता, पण जेवण माहेरच्या गावी करायचं वहिनीनं आधीच ठरवलं होतं, म्हणून आम्ही भोरकडं निघालो. वहिनीनं बादलीतून निथळता वाळा काढला, पिळला आणि प्रेमानं पुन्हा त्या खिळ्याला लावला.

भोर

भोरमध्ये शिरताना पाटी बावीसवर होती आणि माझी चप्पल गाडीभर फिरत होती.

भोर एरवी फार गोड गाव आहे. नीरा नदी गावाला टेकून वाहते. शूटिंगवाल्यांची इतकी सवय आहे की आमचं चालतं घर बघून चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "हिरोईन आत हाय का?" दादानं मला धरून उतरवलं. म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पुन्हा पेपर उघडला.

वहिनीच्या ओळखीच्या खाणावळीत जेवलो. आंबेमोहोराचा भात, धरणातल्या माशांचं लालभडक कालवण आणि कच्च्या कैरीची चटणी. वाढणाऱ्या बाईंनी वहिनीला ओळखलं आणि मग आग्रहाला सुमार राहिला नाही. पुण्यात 'आणखी हवंय का' असा प्रश्न असतो. इथं प्रश्नच नसतो, भात येऊन पडतो. मी तीनदा घेतला. डोक्यावर पंखा होता, फरशी गार होती, आणि जेवता जेवता पायात जीव आला. तेवढ्यात दादानं हात धुऊन निर्णय सांगितला.

"आज भाटघरला मुक्काम. उद्या पहाटे गार असताना परत."

"परत कुठं?"

"पुण्याला. अट तुझ्यासमोर झाली होती."

"एसी चालू आहे. तुझी पाटीच सांगते आहे. बावीस."

तो अडकला. पाटी खरी धरावी तर मागं फिरायला कारण नाही, आणि माझा पाय खरा धरावा तर पाटी खोटी ठरते. आयुष्यभराच्या श्रद्धेचा प्रश्न होता. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "मंजे, मघाशी तुला उतरवताना तू लाकडासारखी झाली होतीस. वेल्ह्याच्या पुढं रस्त्यात असं झालं तर मी काय करू? तिथं फोनला रेंज नसते."

त्याच्या डोळ्यांत भीती होती. मला ती बघवली नाही म्हणून मी भांडले. मोठ्यानं भांडले. वाढणाऱ्या बाईंनी मधे येऊन आणखी भात वाढला.

भाटघर

मे महिन्यात भाटघर धरणाचं पाणी खूप आत उतरतं. जिथं पावसाळ्यात होड्या चालतात तिथं हिरवळ उगवते आणि म्हशी चरतात. दादानं गाडी एका जांभळीखाली लावली. ऊन कलायला अजून अवकाश होता. दादा आणि वहिनी पाण्यात पाय बुडवायला खाली गेले. मला कुणी विचारलं नाही, आणि मी विचारावं असंही तोंड राहिलं नव्हतं. गाडीत पडून मी पाटीकडं बघत बसले. पाटीत तेवीस. पायात तीस. आम्हा दोघींपैकी एक जण लबाड होती.

काही वेळ असाच गेला. मग आकडा हळूहळू चढायला लागला. चोवीस. पंचवीस. सत्तावीस. आणि एकदम टपावर कॉम्प्रेसर घुमायला लागला. खरा गारवा खाली उतरला, मानेवर, पोटऱ्यांवर. मी न हलता पडून राहिले. हलले तर तो बंद पडेल असं वाटत होतं. थोड्या वेळानं पाय उचलून बघितला, चवडा सरळ राहिला.

दादा-वहिनी परत आले. वहिनी पदरानं तोंड पुसत आत आली, माझ्याकडं बघितलं, वाळ्याला बोट लावलं.

"अगं बाई, सुकलाच की. म्हणून तुला त्रास होतोय." आणि तिनं बाटली उचलून फस फस पाणी मारलं.

सव्वीस. चोवीस. बावीस. कॉम्प्रेसर खाड्कन बंद.

मी उठून बसले. खिळ्याकडं बघितलं. खिळ्यामागं जाळी, जाळीच्या त्याच कोपऱ्यात, ओल्या वाळ्याला नाक चिकटवून, तो वाटाण्याएवढा मणी. माठाच्या ओल्या फडक्याला हात लावला की कसं गार लागतं? तसं त्याला सकाळपासून लागत होतं. सगळी गाडी भाजत होती आणि हा राजेश्री वाळ्याच्या पडद्याआड बसून सगळं कसं छान आहे म्हणत होता. कापूरहोळला वाळा उतरला आणि एसी चालला. वाळा चढला आणि एसी बसला. मला उकडलं की वहिनी पाणी मारणार, पाणी मारलं की एसी बंद, एसी बंद की मला आणखी उकडणार.

हे मी शांतपणे सांगू शकले असते. मी म्हणाले, "वहिनी, सकाळपासून तू मला उकडते आहेस!"

मग सगळं उलगडून सांगितलं. दादानं वाळा काढला. कॉम्प्रेसर सुरू झाला. वाळा धरला. बंद झाला. त्यानं हे अनेकदा करून बघितलं, वजनमापे खात्यात शोभेल असं. दर वेळी तो अधिकच खूश होत होता, कारण त्याचा मणी निर्दोष सुटला होता. "सेन्सर बरोबरच सांगत होता. त्याच्याभोवती जी हवा होती तिचं तापमान तो सांगत होता. आपण विचारलंच चुकीच्या जागी!" मी पण हसत होते. परत फिरायचं टळलं होतं, मला नाचायचं होतं.

हसता हसता वहिनीकडं लक्ष गेलं. ती हातातल्या बाटलीकडं बघत उभी होती. मग तिनं दादाच्या हातातून वाळा घेतला, बादलीत टाकला आणि बाहेर जाऊन जांभळीखाली पाठमोरी बसली.

मी गेले नाही तिच्याकडं. संध्याकाळी तिनं पिठलं केलं, ते फार सुरेख झालं होतं, आणि कुणीच तसं म्हणालं नाही.

वेल्हे

दुसऱ्या दिवशी नसरापूरवरून वेल्ह्याचा रस्ता धरला. आता गाडीत खरे चोवीस अंश होते. चप्पल पायात होती. दोन्ही बाजूंना तांबूस डोंगर, नांगरून ठेवलेली भातखाचरं, राब भाजल्याचे काळे चौकोन आणि पुढं तोरण्याचा भलामोठा कडा. मी खिडकीला नाक लावून बसले होते. दादा गाणी म्हणत होता. वहिनी मागं वाळ्याची बादली सांभाळत बसली होती.

मामीची वाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला आहे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी एकटी घर सांभाळते आणि सगळ्या वाडीला ताब्यात ठेवते. दुपार भरात आली होती. मामीनं गाडीच्या दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, गूळपाणी दिलं आणि मग गाडीत चढून पलंगावर बसली.

"लई वाळलीस गं मंजे. तुझा दादा कुठला पाय म्हनाला हुता? ह्यो?" तिनं माझी पोटरी दाबून बघितली, वांगं बघतात तशी. "मांस हाये की. मंग चालाया काय धाड भरली?"

"ऊन लागलं की नाही चालत, मामी."

"मंग हितंच बस गारव्याला. आनते म्या करवंदं." आणि ती गेली सुद्धा. पळसाच्या पानांचा द्रोण भरून घेऊन आली. काळीभोर, टपोरी. चीक अजून ओला होता.

सगळे माझ्याकडं बघत होते. दादाला वाटलं, झालं, मोहीम फत्ते. मी द्रोण मांडीवर घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं नव्हे. एवढं सगळं करून पुन्हा मी गार खोलीत बसले होते आणि कुणीतरी मला करवंदं आणून देत होतं. कोथरूडात काय वेगळं होतं?

जाळी खिडकीतून दिसत होती. घरामागच्या खाचरांचा बांध, बांधापलीकडं थोडा चढ, आणि तिथं ती माजलेली जाळी. लहानपणी आम्ही एका धावेत तिथं पोचायचो. मधे सावली एका झाडाची नव्हती. तापलेल्या मातीवरची हवा थरथरत होती.

"मला तिथं जायचंय," मी म्हणाले.

"मंजे, बाहेर चाळीस असेल," दादा म्हणाला. "निम्म्यात बसशील."

"मग निम्म्यात बसेन."

"आणि उठवणार कोण?"

तेवढ्यात मागं बादली वाजली. वहिनी. कालपासून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तिनं बादलीतून वाळ्याचा पट्टा काढला, जरासा पिळला, नीट नाही, आणि माझ्या मानेभोवती गुंडाळला. पाणी पाठीवरून ओघळलं. मी किंचाळले. तिनं स्वतःचा पंचा भिजवून माझ्या डोक्यावर टाकला, टोकं वाळ्यात खोचली. वाळ्याची कुसं गालाला टोचत होती.

"तो मणी फसला ना याला? चाळीस असलं तरी बावीस म्हणाला ना?" वहिनी म्हणाली. "मग तुझा पाय कोण मोठा शहाणा लागून गेला? चल. ऊठ."

दादा काहीतरी बोलायला गेला. "तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. माझ्या माहितीत ती दादाला असं पहिल्यांदा म्हणाली, आणि दादा गप्प बसला. कदाचित त्याला शास्त्र पटलं असेल.

आम्ही उतरलो. उजव्या हाताला मामी, डाव्या हाताला वहिनी, तिच्या खांद्याला फवाऱ्याची बाटली, मागं खुर्ची डोक्यावर घेतलेला दादा. वाडीतल्या बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पंचा, गळ्यात निथळता वाळा, कुंकवाचा एक लाल ओघळ माझ्या ब्लाउजवर. कुणीतरी विचारलं, "मामी, अंगात आलंय व्हय पावनीच्या?"

"व्हय," मामी म्हणाली. "वाट सोडा."

ऊन असं होतं की डोळे आपोआप मिटत होते. पण झुळूक होती. वेल्ह्याच्या डोंगरांवरून येते ती कोरडी, तापट झुळूक. ती ओल्या वाळ्यातून गेली की मानेवर गार होऊन लागत होती. मी पायाकडं बघत चालले. टाच. चवडा. टाच. चवडा. बांधापाशी चवडा जरा लोंबला. वहिनीनं न सांगता मानेवर फस फस पाणी मारलं आणि आम्ही तिघी जरा थांबलो. झुळूक आली. मग पुन्हा टाच. चवडा.

"वहिनी," मी म्हणाले, "काल मी फार वाईट बोलले."

"हो. बोललीस."

"मला तुझी काळजी कधी घेताच आली नाही. म्हणजे, तू करतेस ती."

"चढ आहे पुढं," ती म्हणाली. "बोलू नकोस, दम लागेल."

जाळीपाशी पोचलो. काट्यांत हात घातला, पहिला ओरखडा मनगटावर उठला आणि मला हसू फुटलं. हा तोच ओरखडा होता, लहानपणचा. करवंदं उन्हानं कोमट झाली होती. एक तोडलं, देठाचा चीक बोटाला चिकटला. लहानपणी आम्ही करवंद दातानं फोडून आत बघायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ज्याला कोंबडा मिळेल तो राजा. मी दातानं फोडलं.

"काय निघालं?" मामीनं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, ती खरंच विचारत होती.

"कोंबडा."

"मला बघू," वहिनी म्हणाली. मी अर्धं करवंद तिच्या तोंडात घातलं. उरलेलं खाल्लं. आंबट, मग गोड, मग तो तुरटपणा जिभेच्या मुळाशी. दादा खुर्ची मांडून, ती झटकून, माझी वाट बघत उभा होता. मी खुर्चीकडं बघितलं नाही, दुसऱ्या फांदीला हात घातला.

"चप्पल?" दादानं विचारलं.

मी खाली बघितलं. चाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या मातीवर, माझी डावी चप्पल पायात होती. वहिनीनं मानेवर आणखी एकदा पाणी मारलं आणि माझा पाय, त्या खुळ्या मण्यासारखाच, गार आहे असं समजून उभा राहिला.